पहिल्या ओरखड्याचा बेत

मंगळवार, ४

गाडी आली! शेवाळी रंगाची, दांडगी, चाकं जवळजवळ माझ्या कमरेपर्यंत. दगड, चिखल, चढ, सगळं चालतं म्हणे तिला. शोरूमवाल्याने किल्ली माझ्या हातात दिली. आमच्या यांनी ती लगेच काढून घेतली आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. किल्ली! रुमालात!

घरी येईपर्यंत ताशी वीसच्या वर काटा गेला नाही. एक सायकलवाला मागून येऊन पुढे निघून गेला. मी त्याला हात केला, त्यानेही केला. यांना काही ते आवडलं नाही.

बुधवार, ५

लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको. ही गाडी घेतली ती वरच्या तळ्यासाठी. डोंगरातल्या त्या तळ्यापर्यंत नुसता दगडांचा रस्ता, साधी गाडी जातच नाही. अठ्ठावीस वर्षं मी तलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवतेय. क्लोरीनचा वास, निळ्या फरशा, भिंतीला हात लावा आणि मागे फिरा. एकदा तरी मला भिंत नसलेल्या पाण्यात पोहायचंय. बस, एवढंच.

आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला उजव्या खांद्याचं ऑपरेशन. त्यानंतर हात डोक्यावरून फिरेल ना, असं विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघू." 

म्हणजे हातात एक महिना. मी भाड्याची जीप करते म्हटलं होतं, तर यांचं तोंड एवढंसं झालं. "मी नेईन की तुला." बरं. न्या.

शनिवार, ८

नेतायत कसले! आधी गाडीला संरक्षण हवंय.

हा माणूस एकतीस वर्षं काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग खात्याचा साहेब होता. जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार यांना माहीत — फुटलेल्या आणि अजून न फुटलेल्या. घरात नवी बरणी आली की बरणी बाजूला, आधी खोका तपासणार. मी यांचं नाव गुंडाळेसाहेब ठेवलंय. फक्त या वहीत हं!

तर आज गुंडाळेसाहेबांबरोबर गाडीच्या सामानाच्या दुकानात. दुकान एका बाईचं आहे. बसवायचं कामही तीच करते, हाताला कायम ग्रीस. ती म्हणाली, "खालची प्लेट घ्याच साहेब. दगड लागला तर प्लेटला लागेल, इंजिनाला नाही." साहेबांनी प्लेटवर टिचकी मारली. मग कान लावला. मग विचारलं, "कमरेच्या उंचीवरून टाकून बघू का? आमच्याकडे प्रत्येक खोक्याची तशी चाचणी व्हायची."

फिटरबाई म्हणाली, "माझ्या पायावर सोडून कुठेही टाका."

टाकली! अख्खा बाजार वळून बघायला लागला. प्लेट पास झाली. प्लेट घेतली, पुढचा लोखंडी गार्ड घेतला, आत पायाखाली घालायच्या रबरी मॅट घेतल्या. मी म्हटलं, "झालं ना? उद्या निघू या?"

"चाकांमागचे मडफ्लॅप राहिले," म्हणाले.

मंगळवार, ११

मंगळवार-शुक्रवार माझा दिवस तलावावरच जातो. दमून चारला घरी आले तर हे अंगणात गाडी धूत होते. जी गाडी कुठे गेलीच नाही ती!

"अहो, धुताय काय?"

"धूळ बसते गं."

शुक्रवारीही हेच करत होते. एवढी आंघोळ तर माझे विद्यार्थी पोहून आल्यावर करत नाहीत.

बुधवार, १२

आजचा दिवस सोन्याचा! पुढे गार्ड लागला, मागे टपावर चढायची शिडी लागली, आणि गॅरेजचं शटर आता खाली येत नाही. चार बोटं कमी पडतात. साहेबांनी गाडी घेण्याआधी गॅरेज मापलं होतं, तीनदा. सामान लागल्यावर गाडी लांबते हे डोक्यातच आलं नाही! एकतीस वर्षं माल बघून खोका ठरवला, आणि स्वतःच्या घरी माल खोक्याबाहेर.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. नाकातून आवाज आलाच.

"हस, हस," म्हणाले आणि पलीकडच्या भिंतीतलं फडताळ उखडायला गेले. त्यातलं माझं लोणच्याचं सामान आता पलंगाखाली आहे.

शनिवार, १५

आज फिल्म. अख्ख्या गाडीला पारदर्शक फिल्म चिकटवली, बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत. फिटरबाई कौतुकाने सांगत होती, "हिच्यावर बारीक ओरखडा उठला ना, तरी उन्हात ठेवली की आपोआप भरून येतो." साहेबांचे डोळे पाणावले. खरंच पाणावले! आमच्या लग्नात मी कोरडे बघितलेत.

मग स्नॉर्कल. होय, स्नॉर्कल! बॉनेटच्या बाजूने वर जाणारी काळी नळी. पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून. मी म्हटलं, "अठ्ठावीस वर्षं पाण्यात काढली मी. मला कुणी स्नॉर्कल आणला नाही!"

"तुला पोहता येतं," म्हणाले. फार गंभीरपणे म्हणाले.

रविवार, १६

यांच्या जुन्या पेटीत कारखान्याची लेबलं सापडली. "ही बाजू वर" असं लिहिलेलं एक मी गाडीच्या टपाच्या कडेला चिकटवलं. "सांभाळा, काच" हे दुसरं मागच्या दारावर.

 संध्याकाळी बघते तर "ही बाजू वर" माझ्या पोहण्याच्या पिशवीवर, उलटं! म्हणजे माणूस अजून जिवंत आहे.

सोमवार, १७

दुपारभर विचार केला. आमचं जेवणाचं टेबल आठवलं. ते आणलं तेव्हा वर्षभर त्यावर प्लॅस्टिक होतं, आणि आम्ही जमिनीवर बसून जेवत होतो. मग एक दिवस माझ्या धाकट्या बहिणीने त्यावर गरम पातेलं टेकवलं. मोठा गोल डाग पडला. साहेब दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून टाकलं, आणि तेव्हापासून आम्ही टेबलावर कोपरं टेकवून जेवतोय.

म्हणजे या माणसाचा एक खटका आहे. पहिला डाग पडला की सुटतो! गाडीलाही पहिला ओरखडा हवाय. तो उठला की दुसऱ्या दिवशी आम्ही तळ्यावर.

तो मीच काढणार. वही, तू साक्षीला आहेस.

मंगळवार, १८

तलावावर जायच्या आधी, हे दाढी करत असताना, मी गॅरेजमध्ये गेले. घराची किल्ली घेतली, डोळे मिटले, आणि डाव्या दरवाजावर सर्रकन ओढली. बोटभर रेघ!  एवढी भीती मला पहिल्यांदा उंचावरून पाण्यात सूर मारतानाही वाटली नव्हती.

चारला परत आले. गाडी धुऊन उन्हात उभी. दरवाजा बघितला. रेघ गायब! भरून आली! साहेब शीळ वाजवत फडकं पिळत होते.

तिच्या मारी त्या फिल्मच्या!

गुरुवार, २०

बेत दुसरा. धाकटीला चहाला बोलावलं. हिने आजवर तीन फाटकांचे खांब आणि स्वतःच्या सासऱ्यांची स्कूटर पाडली आहे. मी साळसूदपणे म्हटलं, "अगं, जरा गाडी आत लाव ना, यांची पाठ दुखतेय."

साहेब पांढरेफटक पडले. धाकटी चढली, आरसा नीट केला, केसही नीट केले. एकदा मागे, एकदा पुढे, आणि गाडी आत! दोन्ही बाजूंना सारखी जागा. उतरून म्हणते कशी, "ताई, ही गाडी लावायला किती सोपी आहे गं!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर मनापासून चिडले.

शनिवार, २२

आज वेगळंच झालं.

दिव्यांच्या जाळ्या घ्यायला साहेब निघाले. मी म्हटलं, आता पुरे. दोन आठवडे राहिलेत. दुकानात न जाता सरळ तळ्यावर जाऊ. तर म्हणाले, "या जाळ्या लागल्या की निघू."

"मागच्या शनिवारी स्नॉर्कल होता. त्याच्या आधी शिडी."

"दगडांचा रस्ता आहे गं तो. तुला कल्पना नाही."

"तुम्हाला तरी कुठे आहे?"

त्यांनी खिशातून किल्लीचा रुमाल काढला. मग मी बोलू नये ते बोलले — "खरं सांगा, गाडी फुटायची भीती जास्त वाटते की माझा खांदा?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जाळ्या आणायला निघून गेले.

मी न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडून. मला वाईट वाटलं, फार वाटलं. सगळं आयुष्य हा माणूस वस्तू जपत आला आणि मी त्यावर विनोद करत आले. आज विनोद सुचला नाही.

दुपारी फिटरबाईला फोन केला, सरळच विचारलं, "असा एखादा ओरखडा द्याल का, जो भरून येणार नाही?" ती म्हणाली, "बाई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

सोमवार, २४

झालं!

काल रात्रभर आठवत होते, फिल्म कुठे नाही? सकाळी सापडलं. डिझेलच्या टाकीचं झाकण. तिथे पोचेपर्यंत फिल्मचा तुकडा संपला होता आणि साहेब "नंतर लावू" म्हणाले होते. स्क्रूड्रायव्हर घेतला. या वेळी डोळे मिटले नाहीत. चांगला दोन पेरं लांब, खालचा पांढरा थर दिसेपर्यंत.

मग स्वयंपाकघरात येऊन कांदा चिरत बसले. साहेब गॅरेजमध्ये गेले. एक... दोन... मी मनात मोजत होते. आले. हात पुसत दारात उभे राहिले. मी चेहरा अगदी धुतल्या तांदळासारखा ठेवला.

"टाकीच्या झाकणाला लागलंय," म्हणाले.

"अगंबाई! कसं?"

"माझ्याच हातून झालं असणार. फांदी लागली असेल."

मी चिरता चिरता थांबले. "फांदी? कुठली फांदी? गाडी दुकान सोडून गेलीये कुठे?"

"पंपावर," म्हणाले. "पंपावर झाड आहे एक." आणि कान लाल! या माणसाला खोटं बोलता येत नाही. चोरून साखर खाल्ली तरी कान लाल होतात.

मी गुन्हा केला आणि कबूल हे करतायत. असं कसं? रागावले नाहीत, चौकशी केली नाही, जेवलेही नीट. उलट मलाच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस." माझा अख्खा बेत पाण्यात! पंपावर कुठलंही झाड नाही. मी संध्याकाळी मुद्दाम जाऊन बघून आले.

मंगळवार, २५

गाडी धुतली. अर्थात.

बुधवार, २६

झाकणाचा रंग विचारायला एकटीच फिटरबाईकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "साहेबांना सांगा, खालची प्लेट आली. आता ही तिसरी. पहिल्या दोन्ही दगडांवर घासून पार वाकल्या."

मी म्हटलं, कुठल्या दगडांवर?

"तळ्याच्या रस्त्यावरच्या. दर मंगळवारी-शुक्रवारी जातात की! नाल्यापर्यंत जातात, पुढची चाकं भिजली की मागे फिरतात. म्हणतात, एकट्यालाच जायचं असतं तर गाडी पाण्यात घातली असती. पण तेव्हा ही शेजारी असणार, आणि मध्येच अडकलो तर हिला त्या खांद्यावर गाडी ढकलायला लागेल. मग माझ्याकडून अजून एखादा गार्ड घेऊन जातात."

"खोल आहे का नाला?"

"गुडघाभर."

अठ्ठावीस वर्षं मी घाबरलेली माणसं ओळखते म्हणून पगार घेतला, आणि घरातलंच एक ओळखलं नाही.

घरी आले. शनिवारी निघतोय, एवढंच सांगितलं. गाडी हेच चालवणार. नाला आला की मी उतरणार आणि नवख्या विद्यार्थ्याला नेते तशी, यांच्याकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत, पाण्यातून पुढे चालणार.

ओरखडा माझा आहे, हे मधोमध पोचल्यावर सांगेन.