चेहरा तेवढा शेवटी

२ जानेवारी
आजपासून साखर बंद. निवासस्थानाच्या व्हरांड्यात आजवरच्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकांची तैलचित्रं आहेत. शेवटचा खिळा रिकामा. तो माझा. चित्रकार येऊन गेला. माझ्या हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आहे, असं तो बोलला नाही, पण त्याची पेन्सिल तिथेच अडली. म्हटलं, आधी खुर्ची, पोशाख, हात घ्या. चेहरा तेवढा शेवटी. तोवर मी बारीक होते.

१९ जानेवारी
उपासमार निवारण परिषद. यांनी भाषण केलं. मी फीत कापली आणि यांच्या जरा मागे हसत उभी राहिले. मागे उभं राहणं दिसतं तितकं सोपं नाही. मग मेजवानी. राजदूताच्या बायकोने केक पुढे केला. नाही म्हटलं असतं तर दोन देशांचे संबंध बिघडले असते. देशासाठी दोनदा घेतला. उद्यापासून नक्की.

११ फेब्रुवारी, पहाटे
मॉर्निंग वॉक ठरला होता. पण मी निघाले की सगळे अंगरक्षक मागे धावत सुटतात. बिचाऱ्यांचा विचार करून परत झोपले.

५ मार्च
निवडणूक तोंडावर आली. नणंद म्हणते, वहिनी, लोक फार चिडलेत, दादाचं काही खरं नाही, चित्र उरकून घे. हिला माझं बरं कधी बघवलंच नाही. परवा अनाथाश्रमात मुलांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या. ही म्हणे, वाजवायला लावल्या. चित्रकारालाही घाई. बाकी सगळं झालंय, चेहरा घेऊ का, म्हणाला. मी म्हटलं, शपथविधीपर्यंत थांबा. डाएट आता कुठे लागू पडतंय.

९ एप्रिल
हे पडले. आता यांना मागे उभं राहायला शिकवावं लागणार.

१४ एप्रिल
सामान हलवलं. भाड्याचं घर. खानसामा नाही. हे दिवसभर टीव्हीसमोर. मला अन्न गोड लागत नाही.

३० एप्रिल
सकाळी आरशात बघते तर दुसरी हनुवटी गायब. जुने ब्लाउज सैल होतात. करून दाखवलं. लगेच चित्रकाराला फोन केला, चेहरा तयार आहे, या. तो म्हणाला, बाईसाहेब, चित्र तुमच्या खिळ्यावर लागलंसुद्धा. नव्या बाईंनी त्यावरच आपला चेहरा काढून घेतला. पोशाख आवडला त्यांना. कंबर तेवढी जाड वाटते, जरा आत घ्या म्हणाल्या.
मी विचारलं, मग?
तर म्हणतो, घेतली की. पाच मिनिटांचं काम.