तापातला एक झटका

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण परवा पाथरीच्या दवाखान्यात तुमचा असा राग आला की समोर असता तर तोंडाला येईल ते बोलले असते. भावाची नात तापानं फणफणली होती. जीपमध्येच तिला झटका आला, डोळे फिरले, दात बसले. भावानं पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली, तुम्ही माझ्या लावली होती तशीच. दवाखान्यात पोर शुद्धीवर येऊन रडायला लागली, तर हा माझ्याकडं बोट करून डॉक्टरीणबाईंना विचारतो, "पोरीला बी माझ्या बहिणीगत मिरगी हाय का?"

बाई म्हणाल्या, "लहान लेकरांना तापात येतो असा झटका. ती मिरगी नव्हे. ताप नाही, साखर कमी झालेली नाही, काही कारण नाही, तरी पुन्हा पुन्हा येतात ती मिरगी." मग मला विचारलं, "तुम्हाला किती वेळा आला?"

"एकदाच. चार वर्षांची होते. तापात."

"मग मिरगी कोण म्हणालं?"

"आप्पा."

 बाईंची नजर माझ्या मोकळ्या गळ्यावर गेली, ती मला दिसली.

झरीचे पाहुणे आठवतात? मुलाला मी पसंत होते. मलाही तो आवडला होता, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती आणि तुम्ही उठून म्हणालात, "पाव्हणं, मागून बोल नको. पोरीला मिरगी हाय." पाहुणे उठले. गावात तुमचं नाव झालं, दुकानदार असून माणूस खोटं बोलत न्हाई म्हणून. पुढच्या प्रत्येक पाहुण्याला तुम्ही तेच ऐकवलंत आणि मी आत बसून ऐकत राहिले. एकदा, फक्त एकदा मला परभणीला डॉक्टरकडं न्यायचं होतं हो! स्वतःच्या खरेपणाची एवढी खात्री, की विचारायची गरजच वाटली नाही.

येताना भाऊ खुशीत होता. "बरं झालं बाई, पोरीच्या लग्नाची काळजी मिटली," असं मलाच म्हणाला. मी मान हलवली.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. परवापासून मला वाटायला लागलंय, एक झटका यावा. विनाताप, विनाकारण, भर अंगणात. म्हणजे तुम्ही खरे ठराल, आणि माझं आयुष्य निदान कशापायी गेलं ते तरी सांगता येईल.