लख्ख जखम

मंगळवार, सकाळी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तिकडे सगळे ठीक असाल. भाऊजींचा खोकला गेला का? इथे आईची जीभ शाबूत आहे. काल शेजारच्या खाटेवरच्या बाईंना चादरीचे कोपरे दुमडायला शिकवत होती. त्या मला म्हणाल्या, "एक तर ह्यांना घरी न्या, नाहीतर मला सोडा!"

फोन करत नाही, कारण आईच्या कानावर यातलं काही पडायला नको. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर, आईच्या खाटेपासून हाकेच्या अंतरावर बसून लिहितेय; फोटो काढून मोबाइलवर पाठवते.

तिच्या मोडलेल्या नडगीतल्या सळईवर जंतूंचा चिकट थर बसलाय, त्यातून औषध आत शिरत नाही, हे तुला माहीतच आहे. म्हणून गेल्या आठवड्यात जखमेत एक नवं जेल भरलं. जंतू भेटले की ते तिथेच विरघळतं आणि आतलं औषध सोडतं. विरघळलं की दिसतं मात्र अगदी पुवासारखं. पट्टी उघडायची नाही, एवढंच पथ्य.

शनिवारी मी चहा घेऊन आले, तर आई पट्टीचं टोक खोचत होती. "केवढा पू गं! पार धुऊन काढला. कशी लख्ख झालीय जखम!" जन्मभर नर्स म्हणून हेच केलेलं. काय खूश होती! तो पू नव्हता, विरघळलेलं जेल होतं, असं मी सांगितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"कुणाला बोलू नकोस. वॉर्डभर हसं होईल माझं. माझ्या गळ्याची शपथ."

मी हो म्हटलं. वाटलं, थोडं तरी औषध उतरलं असेल.

काल डॉक्टरांनी जखम पाहिली. म्हणाले, "जेल लागू पडलं नाही. आता थांबण्यात धोका आहे." ताई, उद्या पाय काढणार आहेत. गुडघ्याच्या वरून. आईने नुसती मान डोलावली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खरं कळलं तर डॉक्टर कदाचित पुन्हा जेल भरतील. कदाचित उशीरही झाला असेल. शपथा-बिपथा मी मानत नाही, पण मघाशी त्यांच्या दारावर हात ठेवून परत फिरले. शपथ मोडली आणि तिला काही झालं तर? नाही मोडली आणि पाय गेला तर?

आत जातेय. आई माझ्याशी बोलणं टाकेल. तू लगेच ये, आणि माझ्यावर चिडूनच ये. तिच्या बाजूने कुणीतरी असायला हवं.

फार घाबरलेली,
तुझी धाकटी