फुलांच्या रविवारी कुलूप

इद्वल,

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्या गावचं चॅपल विकत घेऊन तू त्याचं घर केलंस, उपदेशाच्या चौथऱ्यावर शेगडी मांडलीस, तरी मी गप्प बसले. पण काल फुलांचा रविवार होता, ईस्टरआधीचा, थडगी सजवायचा. दरवर्षीसारखी बादली आणि डॅफोडिल्स घेऊन चॅपलच्या आवारातलं आईचं थडगं धुवायला आले, तर फाटकाला कुलूप! तुझी बायको फिलिपा आतून म्हणाली, "ताई, आज पाहुणे आहेत हो. पुढच्या रविवारी या ना."

"पुढच्या रविवारी कसला फुलांचा रविवार, बाई?" म्हणत मी सेहेचाळिसाव्या वर्षी भिंत चढले.

"ही कोण?" पाहुण्यांनी विचारलं.

"माळीण," फिलिपा म्हणाली.

तू खिडकीत उभा होतास. तोंडातून अवाक्षर नाही!

तुझ्या वाटची फुलंही मीच वाहिली. आईला सांगितलं, इद्वलला बरं नाही.

तुझी बहीण,
नेरिस