दादाचं विमान अजून समुद्रावरच आहे

दादा (दुसरं काय म्हणू?),

आईचे पाय चेपून तिला झोपवलंस, बरं केलंस. आमच्या दादाने हे जन्मात कधी केलं नाही.

विमानात बसल्याचा त्याचा फोन सकाळी आला होता. साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे पंधरा तास तरी लागतातच. तू मात्र दुपारच्या जेवणालाच दारात हजर! आत्ता मोबाइलवर पाहिलं, त्याचं विमान अजून समुद्रावरच आहे.

मी त्याला आणायला विमानतळावर चाललेय. चहा थर्मासमध्ये आहे. आई उठली तर तिला काही कळू देऊ नकोस, आणि आम्ही बेल वाजवली की गुपचूप मागच्या दाराने निघून जा.

नाहीतर दोघांतून ती तुलाच ठेवून घेईल.