गिरणीची फट

मिल्टन,
१९ ऑक्टोबर

प्रिय शौनक,

फोनवर तू सारवासारव करशील आणि मी चिडेन, म्हणून लिहितोय. आधी सगळं वाच, मग हवं तर फोन कर.

जूनमध्ये तू हॅलिफॅक्सहून चार दिवस राहायला आला होतास, तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये आपण दोघांनी मिळून शेवटची बिअर केली. तिची एफिशियन्सी शहात्तर टक्के आली होती. माल्टच्या दाण्यातून जेवढी साखर निघू शकते, तिच्यातली तीन चतुर्थांश आपण पाण्यात उतरवली, म्हणून तू माझी पाठ थोपटलीस. तू गेलास आणि पुढच्याच शनिवारी तेच माल्ट, तेच भांडं, तेच तापमान असूनही आकडा आला एकसष्ट. त्याच्या पुढच्या शनिवारीही एकसष्टच. बिअर पाणचट लागायला लागली.

आधी मला दुकानदाराचा संशय आला. जुनं माल्ट खपवतोय म्हणून मी पोतं परत घेऊन गेलो. त्याने माझ्यासमोर चार दाणे चावले आणि शांतपणे सांगितलं की माल गेल्याच महिन्यातला आहे. मग नळाच्या पाण्याचा संशय, मग थर्मामीटरचा. दर वेळी तुला फोन केला. तू म्हणालास, दाणे गरम पाण्यात नव्वद मिनिटं ठेव. मग म्हणालास, ढवळताना गुठळ्या फोड. मग म्हणालास, दाणे धुताना पाणी हळू सोड. मी सगळं केलं. त्रेसष्टच्या वर काही गेलं नाही.

मग माझा संशय स्वतःच्या बायकोवर, गौरांगीवर गेला. हे लिहिताना लाज वाटते. मी ऑफिसला गेल्यावर ती बिअर आंबवायच्या पिंपात पाणी ओतत असेल, असं माझ्या डोक्याने घेतलं. मी तिन्ही पिंपांवर बारीक पेन्सिलीने खुणा केल्या, झाकणांना टेप लावली. घरी आलो की बूट काढायच्या आधी खाली जाऊन बघायचो. खुणा जागच्या जागी होत्या, तरी सप्टेंबरमध्ये एका रविवारी मी तिला विचारलंच. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "मी एकदाही हात लावला नाही, निहार. लावायला हवा होता." त्या दिवसापासून ती आमच्या लेकीच्या, केयाच्या खोलीत झोपते.

गेल्या आठवड्यात दाणे भरडायची छोटी गिरणी उघडली. दाणे भरडताना अर्धे अख्खेच बाहेर पडताहेत, त्यांतली साखर उतरतच नाही, हे मला इतके दिवस दिसलं नव्हतं. दोन रोलरमधली फट मोजली. आपण एक मिलिमीटर ठेवायचो. ती दीड होती. दोन्ही बाजूंना अगदी सारखी, आणि नट घट्ट आवळलेले. आपोआप सैल झालेली गिरणी अशी नसते. जूनमध्ये "तेल घालून देतो" म्हणून ती तू उघडली होतीस. आणि मग आठवलं, घरी बिअर करणारा कुणीही पहिला प्रश्न विचारतो की दाणे कसे भरडलेस. तू तीन महिने सल्ले दिलेस, पण हा एक प्रश्न विचारला नाहीस.

त्या संध्याकाळी तुला काय काय लिहिलं आणि पुसलं ते सांगत नाही. वाटलं, माझ्या घरात राहून, माझं जेवून, माझ्याच वस्तूत ढवळाढवळ केलीस. मग जूनमधला तो शुक्रवार आठवला. केयाला स्विमिंगला सोडायचं होतं, मी गाडीची किल्ली घेऊन ड्राइव्हवेवर उभा होतो. तू माझ्या हातातून किल्ली काढून घेतलीस आणि म्हणालास, "मी नेतो तिला, मला रस्ता शिकायचाय." हॅलिफॅक्सला जाण्याआधी आठ वर्षं मिल्टनमध्ये राहिलेल्या तुला कसला रस्ता शिकायचा होता? मी प्यायलोय हे तू ओळखलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच तू गिरणीची फट वाढवलीस, माझी बिअर हलकी व्हावी म्हणून.

तुझी युक्ती चालली नाही, शौनक. बिअर हलकी झाली तशी मी जास्त प्यायला लागलो. पूर्वी आपण महिन्यातून एक बॅच करायचो, मी दर शनिवारी करत होतो. किती पितोस, हे तू मला विचारायला हवं होतंस. गिरणीला नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. शुक्रवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे. मीच घेतली, गौरांगीला अजून सांगितलेलं नाही. पहिला प्रश्न असेल, रोज किती? आजवर प्रत्येक फॉर्मवर मी "कधीतरी" असं लिहीत आलोय. खरं उत्तर आहे रोज सात बाटल्या, शनिवारी नऊ. कुणाला तरी एकदा सांगितल्याशिवाय तिथे माझ्या तोंडून ते निघणार नाही, म्हणून तुला लिहिलं. आता वर जाऊन गौरांगीला सांगतो.

अजून चिडलेला, पण तुझाच,
निहार