केसाएवढी रेघ

अमरावती, ता. ३ जानेवारी १८६४.
आजपासून राग बंद. कॉलेज मी सोडलं. कॉलेजनं मला नव्हे. प्रोफेसरावर शाई फेकली, हेही खोटं. फेकली दौत. शाई तिच्यासोबत गेली.
मुंबईच्या एका छापखान्यातून इंग्रजी अक्षरांचा नमुना मात्र आणला. काय अक्षर! उभी रेघ मनगटाएवढी जाड, आडवी केसाएवढी बारीक, टोकांना पात्याची धार. पुस्तकाचं पहिलं पान नाहीतर लाटसाहेबाचं निमंत्रण, याखाली ते उतरतच नाही. अगदी जमुना.

ता. ५.
जमुना म्हणजे हैबतराव पाटलांची लेक. विधवा, तेविशीतली. बापाचा कापूस तीच तोलून घेते. आमच्यात विधवेचा पाट लागतो; पाटलांनी पसंती तिच्यावर सोडली आहे. म्हणजे मीच. अजून तिच्याशी बोललो नाही, एवढंच बाकी.

ता. ९.
योजना: पाटलांच्या कापसाच्या गाठींवर या अक्षरातला हैबतरावांचा ‘एच’. माल विलायतेत जातो, छापही विलायती हवा. ठसा स्वतः लाकडात कोरला. जमुनेला दाखवला. वरची बाजू कोणती, असं तिनं विचारलं. मी रागावलो नाही. मग थोडा रागावलो.

ता. १४.
सगळ्या गाठींवर ठसा मारला. गोणपाट खरबरीत, त्यामुळे मधली बारीक रेघ उठली नाही. पण जाणकाराला ती न दिसताही दिसते. पाटलांना दिसली नाही.

अकोला, ता. १९.
इथला गोरा दलाल जाणकार नाही. मधली रेघ गायब, उरल्या दोन उभ्या काठ्या. त्यानं रोमन दोनचा आकडा वाचला आणि सारा माल दुसऱ्या प्रतीत टाकला. पाटील खालीच बसले. मी दलालाला अक्षराचं सौंदर्य समजावलं. टेबल उलटलं ते समजावण्याच्या ओघात. शिपायांनी मला बाहेर आणलं.

ता. २०.
सकाळी मालासोबत आलेली जमुना म्हणाली, “जानराव, तुमी आता काई करू नका. बसून राहा. तेवढंच करा.”
किती काळजी! मग तिनं चिंधी गाडीच्या वंगणात बुडवून प्रत्येक गाठीवर चांगली जाडजूड आडवी रेघ ओढली. दलालानं माल पुन्हा पाहिला, पहिल्या प्रतीत घेतला. अक्षराची वाट लागली. पण दोन काठ्या जोडल्या, यातला इशारा मी ओळखला. वंगणाचं नळकांडं चांदूर बाजारच्या सूर्यभान गाडीवाल्यानं धरलं होतं. दोघं हसत होते. उन्हात माणसाला होतं असं.

अमरावती, ता. २६.
उद्या पाटलांनी घरी बोलावलंय. नवी पगडी काढली. आमच्या पाटाची निमंत्रणं याच अक्षरात छापायची, गुळगुळीत कागदावर.

ता. २७.
पाट ठरला. सूर्यभानशी. पेढा द्यायला बोलावलं होतं.
जमुनेला विचारलं, काहून?
ती म्हणाली, “त्यानं मले इचारलं.”

ता. ४ फेब्रुवारी.
जावयाच्या गाडीवर नाव रंगवून द्या, असा पाटलांचा निरोप. साफ नाही म्हणणार होतो. जमुना म्हणाली, लांबून वाचता आलं पाहिजे. सगळ्या रेघा जाड काढल्या.
दुपारी ती त्याच गाडीतून गेली. नाव पार वळणापर्यंत वाचता येत होतं.